गालाचा तुकडा आणि वाशीची गाडी

शिवानंद कलशेट्टी नळदुर्गचे. एसटीत ड्रायव्हर. सकाळची नळदुर्ग–वाशी गाडी सोळा वर्षं त्यांच्याकडे होती, आणि त्यातली सात वर्षं मी त्या गाडीनं धाराशिवहून वाशीला कचेरीत गेलो. मुंबईकडची वाशी नव्हे, आमच्या जिल्ह्यातलं तालुक्याचं वाशी. ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट माझी. त्यामुळं पुढं सांगतो त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, काही कंडक्टर लिंबाजी नाईकवाडींनी सांगितलेलं, आणि उरलेलं खुद्द शिवानंदअप्पांनी, पुढचे थांबे सांगावेत तशा आवाजात.

अप्पा अंगानं भरलेले. कपाळाला भस्म, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, डाव्या गालात तंबाखू. बोलणं कमी. गाडी वेळेवर आणायचे, फक्त येडशीला खोळंबायचे. येडशीचा थांबा कागदावर दोन मिनिटांचा. अप्पांची गाडी तिथं बारा ते पंधरा मिनिटं उभी राहायची. अप्पा उतरून मुतारीकडं जायचे आणि लिंबाजी दारात उभं राहून सांगायचे, "गाडी तापलीय. जरा निवू द्या."

डिसेंबरातल्या थंडीतही गाडी तापायची. रोजचे प्रवासी काही विचारत नसत. एकदा एका नवख्या प्रवाशानं लेखी तक्रार केली, की सदर गाडीचा रेडिएटर रोज तापतो. तक्रारीची दखल घेऊन रेडिएटर बदलण्यात आला. त्यानंतरही गाडी येडशीला तापत राहिली.

खरं कारण असं. पुष्कळ वर्षांपूर्वी, टपावर सामान टाकायची पद्धत होती तेव्हा, एका बाईचं कांद्याच्या रोपाचं गाठोडं उतरवायला अप्पा गाडीच्या मागच्या शिडीवर चढले होते. काम हमालाचं होतं, पण हमाल चहाला गेला होता. उतरताना पाय सटकला आणि ते खाली बंपरवर आले, एक पाय अलीकडं, एक पलीकडं. गाठोडं सोडलं नाही. बाईला गाठोडं दिलं, गाडी वाशीला नेली, परत नळदुर्गला आणली. दुसऱ्या दिवशी लघवीतून रक्त आलं. चार दिवसांनी थांबलं, तेव्हा बरं झालं असं त्यांनी धरलं.

बरं झालं नव्हतं. लघवीच्या नळीला आतून जखम झाली होती. ती भरली, पण भरताना वण धरला आणि वणानं नळी आवळली. वर्षभरात धार सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून तो वण कापला. आठ महिन्यांत नळी पुन्हा आवळली. पुन्हा कापला, पुन्हा आवळली. मग दर तीन महिन्यांनी यायचं आणि सळई घालून रुंद करून घ्यायचं असं ठरलं. सळई हा शब्द अप्पांचा. डॉक्टरांचा शब्द वेगळा होता, पण वस्तू सळईच होती.

अप्पांनी ही गोष्ट फक्त लिंबाजींना सांगितली, कारण गाडी थांबवायची तर कंडक्टरला कारण कळायला हवं. बायकोला, नीलम्मांना, सांगितली नाही. दर तीन महिन्यांनी सोलापूरला युनियनची मिटिंग असते, असं घरी सांगून ते जायचे आणि संध्याकाळी पाय फाकवून चालत परत यायचे. मिटिंगा लांबतात, खुर्च्या लाकडी असतात, असं त्यांचं म्हणणं.

अशी दहा वर्षं गेली.

मग तो फेब्रुवारीचा दिवस आला. अप्पांना सर्दी झाली होती. आदल्या दिवशी त्यांनी दुकानातून सर्दीच्या गोळ्या घेतल्या आणि दोन खाल्ल्या. सकाळी येडशीला उतरले ते वीस मिनिटांनी आले. चेहरा घामानं डबडबलेला. लिंबाजींनी विचारलं, "झालं?" अप्पांनी मान हलवली आणि गाडी काढली. मान कुठल्या बाजूला हलली ते मला दिसलं नाही. येरमाळा मागं पडल्यावर मैलभरानं त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरले, आणि एका बाभळीमागं गेले. गाडीत एक्केचाळीस माणसं होती.

दहा मिनिटांनी लिंबाजी म्हणाले, "गाडी तापलीय."

पाठीमागून एक जण उठला. तेरखेड्याचा मेकॅनिक होता. म्हणाला, "बोनट उघडा, बगतो म्या."

"नगं," लिंबाजी म्हणाले.

"अवं, माझं कामच हाय ते."

"आपोआप निवती ती."

मेकॅनिक पुढं यायला लागला. लिंबाजी दोन सीटांच्या मधल्या वाटेत आडवे उभे राहिले. तेव्हा पहिल्या सीटवरच्या धुरपताबाई बोलल्या. इंदापूरच्या म्हाताऱ्या, दर मंगळवारी लेकीकडून परत जायच्या. त्या खिडकीतून बाभळीकडं बघत होत्या.

"बस खाली, बाबा," त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "गाडीला काय धाड भरली न्हाय. डायवरला मुताया व्हईना. आमच्या मालकाला असंच व्हयाचं. लई वाईट दुखणं हाय."

गाडीत कुणी हसलं नाही. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आमाला म्हाईत हाय की. येडशीला रोजच बगतो." आणखी दोघातिघांनी माना डोलावल्या. लिंबाजी वाटेतून बाजूला झाले आणि बॅगेतल्या चिल्लरीत हात घालून उभे राहिले.

अप्पा परत आले. ओटीपोटावर हात होता. सीटवर बसवेना, म्हणून अर्धवट टेकले.

धुरपताबाई म्हणाल्या, "लेकरा, मधी कुठं थांबू नगंस. नीट वाशीच्या दवाखान्यात घे गाडी."

"तेरखेड्याची दहा तिकिटं हायत," अप्पा म्हणाले.

"आमी येऊ माघारी," मेकॅनिक म्हणाला.

गाडी सरळ वाशीला गेली. तेरखेड्याचे दहा आणि इंदापूरचे चार प्रवासी आपापली गावं खिडकीतून बघत पुढं आले. त्यात धुरपताबाईही होत्या. अप्पांनी गाडी सरकारी दवाखान्याच्या फाटकात उभी केली, हँडब्रेक ओढला, चावी लिंबाजींच्या हातात दिली आणि मग वाकले ते सरळ झालेच नाहीत. त्यांना मेकॅनिकनं आणि मी धरून आत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खालून नळी घालून पाहिली. गेली नाही. मग बेंबीखाली सुई टोचून नळी बसवली. सव्वा लिटर लघवी निघाली. डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, "सर्दीची गोळी घेतली होती का?" आधीच अरुंद नळी असलेल्याला ती गोळी पूर्ण अडवू शकते, असं त्यांनी सांगितलं. अप्पा म्हणाले, "पाकिटावर लिव्हलं न्हवतं." लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत.

दुपारी नीलम्मा आल्या. पोटातून नळी, नळीला पिशवी, असा नवरा खाटेवर पडला होता. मी निघायच्या बेतात होतो, पण दाराशी त्या उभ्या असल्यानं मला निघता आलं नाही.

अप्पा म्हणाले, "तुला सांगणार हुतो."

"काय सांगणार? युनियनचं?" नीलम्मा स्टुलावर बसल्या. "दहा वर्षं दर तीन महिन्याला मिटिंग, अन् पगार हाय तिथंच. मला काय कळत न्हाय व्हय? मोरीत तुमी गेलात की माझ्या दोन भाकरी थापून व्हतात. पहिल्या वर्षी एक व्हायची."

अप्पांनी पिशवीवर चादर ओढली.

"मग बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"तुमी बोलला न्हाईत म्हणून. साकु आता," नीलम्मा म्हणाल्या. पुरे आता, असं. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, आणि निकाल द्यायचा असला की त्या कानडीत द्यायच्या. "आता मिटिंगला मी येणार."

पुढच्या आठवड्यात दोघं सोलापूरला गेले. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत डॉक्टर नीरजा म्हणून एक बाई होत्या, वय पस्तिशीच्या आत. अप्पा दारातूनच वळले. नीलम्मांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि सगळी हकीकत स्वतः सांगितली. बंपरपासून सुरुवात केली.

डॉक्टर नीरजांनी तपासलं, फोटो काढले. मग अप्पांना एका नरसाळ्यासारख्या यंत्रात लघवी करायला लावली. त्याखाली काटा होता आणि सेकंदाला किती धार पडते त्याचा आलेख कागदावर निघत होता. निरोगी माणसाचा आलेख टेकडीसारखा येतो. अप्पांचा बालाघाटाच्या माळासारखा आला, सपाट आणि लांब. आकडा सेकंदाला साडेचार मिलिलिटर; पंधराच्या वर हवा होता.

"याला खरा उपाय मोठं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाल्या. "गालाच्या आतल्या कातडीची लांब पट्टी काढून नळीला जोडतात. गालाची कातडी ओली राहते, लवकर रुजते. तोंड उघडा बरं."

अप्पांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही गाल पाहिले आणि विचारलं, "तंबाखू किती वर्षं?"

"ड्युटीला लागल्यापासनं."

"डावा गाल कामाचा नाही. उजव्यात थोडी जागा धड आहे. लांब पट्टी निघणार नाही."

नीलम्मांनी अप्पांकडं पाहिलं. 

मग डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. पुण्यात एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालली होती. गालातून नखाएवढाच तुकडा घेतात. प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वेगळ्या करून तीन आठवडे वाढवतात. मग दुर्बिणीतून नळीतला वण कापून त्या उघड्या जागेवर पेशी सोडतात. त्या तिथं रुजल्या तर वणाऐवजी नवं अस्तर धरतं. "रुजल्या तर," डॉक्टर पुन्हा म्हणाल्या. "हा अजून प्रयोग आहे. काहींना गुण आलाय, काहींचं पुन्हा आवळलंय. मी पाठवू शकते. खात्री देऊ शकत नाही. आणि त्यांची अट आहे, सहा महिने तंबाखू पूर्ण बंद."

अप्पांनी विचार केला. "पाच चालतील का?"

"सहा."

पोटातली नळी आणि कमरेला बांधलेली पिशवी घेऊन ड्रायव्हिंग करता येत नव्हतं. त्यांना आगारात बसून करायचं हलकं काम मिळालं. डिझेलच्या नोंदी बघायच्या. तंबाखू सुटणं हे त्यांच्या सांगण्यानुसार बंपरवर पडण्यापेक्षा अवघड होतं. पडणं एकदाच झालं होतं. त्यांनी लवंग धरून पाहिली, बडीशेप पाहिली, भाजलेली करडई चघळली. लिंबाजी ड्युटी संपली की येऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. चारचौघांत घ्यायचे. अप्पांनी एकदाच फसवलं, अडतिसाव्या दिवशी, आणि संध्याकाळी स्वतःच नीलम्मांना सांगून टाकलं. नीलम्मांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावरच्या सगळ्या फुल्या पुसल्या आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. त्यामुळं सहाचे सव्वासात महिने झाले.

पुण्याला गेल्यावर त्यांना सोळा पानांचं संमतीपत्र दिलं. मराठीत होतं. "या उपचाराचा आपणास लाभ होईलच असे नाही" हे वाक्य चार ठिकाणी होतं. अप्पांनी चारही ठिकाणी बोट ठेवून वाचलं. तिथल्या समन्वयक बाईंनी विचारलं, "काही शंका?"

"हे चार येळा का लिव्हलंय?"

"लोक विसरतात म्हणून."

अप्पांना हे कारण पटलं. त्यांनी प्रत्येक पानावर सही केली.

उजव्या गालातून तुकडा काढला. दोन टाके. आठ दिवस तिखट बंद. तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि अप्पा नळदुर्गला परत आले. ते तीन आठवडे घरातलं वातावरण, लिंबाजींच्या शब्दांत, पोरगी परगावी शिकायला ठेवल्यासारखं होतं. समन्वयक बाईंचा फोन यायचा. एकदा नीलम्मांनी फोन घेतला.

"बऱ्या हायत का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पेशी."

"हो, वाढतायत व्यवस्थित."

"उबदार जागी ठेवलंय न्हवं?"

"सदतीस डिग्रीला."

"खायला काय घालता?"

बाईंनी सांगितलं. नीलम्मांना ते नीट समजलं नाही, पण कुणीतरी वेळच्या वेळी घालतंय एवढं कळल्यावर त्यांनी फोन ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अप्पांना एक छोटी बाटली दाखवली. आत किंचित गढूळ पाणी. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. तुमच्या कोट्यवधी पेशी यात आहेत, असं एका तरुण डॉक्टरनं सांगितलं. अप्पा नंतर मला म्हणाले, "चव्वेचाळीस शीटांच्या गाडीत म्या शंभर माणसं नेलीत जत्रंला. पण हे लई झालं." त्यांना कंबरेखाली भूल दिली. ते जागे होते, छताकडं बघत पडून राहिले. पाऊण तासानं सांगितलं, झालं. वण कापून पेशी सोडल्या होत्या, वर जेलीसारखं काहीतरी होतं, ती जागच्या जागी धरून ठेवायला. पुढचे तीन आठवडे आत घातलेली रबरी नळी तशीच.

त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर आमच्याच भागातल्या ईट गावचे वसंतराव म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. त्याच चाचणीतले. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वसंतरावांनी विचारलं, "तुमचं कशानं?"

"बंपर. तुमचं?"

"पूर्वी एका आजारपणात नळी घातली होती, तिनं. तेरा वर्षं झाली."

"घरी सांगितलं हुतं?"

"आमच्या प्रेमलाबाईंना? नाही. कवायतीचा तास घेऊन पाय आखडतात असं सांगायचो. मी गणित शिकवत होतो."

त्यानंतर दोघांनी बोलणं थांबवलंच नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाशी या विषयावर मोकळेपणानं शब्द काढला नव्हता, तो साठा होता. कुठल्या स्टँडची मुतारी आडोशाची आहे, लग्नाच्या पंगतीत पाणी कसं टाळायचं, रांगेत मागं उभा असलेला माणूस घसा खाकरतो तेव्हा काय होतं. परिचारिकेनं दोनदा येऊन दोघांना झोपायला सांगितलं. दुपारचे तीन वाजले होते.

नळ्या निघाल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा नरसाळं. अप्पांचा आकडा आला सतरा. आलेखात टेकडी होती, जरा बुटकी. अप्पांनी यंत्रावरच्या मुलाला पुन्हा एकदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदा साडेसोळा. वसंतरावांचे पंधरा.

चार महिन्यांनी अप्पा पुन्हा गाडीवर आले. पहिल्या दिवशी येडशीला ते उतरले आणि दोन मिनिटांत परत येऊन स्टिअरिंगवर बसले. गाडीत अर्ध्या सीटा रिकाम्या होत्या. रोजच्या सवयीनं माणसं चहाला गेली होती. लिंबाजींनी टपरीकडं बघून तीन वेळा घंटी मारली. दोघं जण गरम चहाचे कप तसेच टाकून धावत आले. तिसऱ्याची गाडी चुकली. त्यानं तक्रार केली नाही.

वर्षानं अप्पांचा आकडा चौदा झाला. डॉक्टर नीरजा म्हणाल्या, "थोडा उतरलाय. पण इथं टिकला तर उत्तम. पाच वर्षं बघायचं, मग बोलू." अप्पांनी विचारलं, "म्हंजी बरा झालो का न्हाय?" त्या म्हणाल्या, "सध्या बरे आहात." अप्पांनी घरी येऊन नीलम्मांना तेच सांगितलं. नीलम्मा म्हणाल्या, "आपन सगळेच सध्या बरे हाओत."

वसंतरावांचं तसं झालं नाही. तेराव्या महिन्यात त्यांचा फोन आला. अप्पा वाशीच्या स्टँडवर डबा खात होते. मी आणि लिंबाजी शेजारी होतो.

"तुमचं किती आलं?" वसंतरावांनी विचारलं.

अप्पांनी तोंडातला घास गिळला. "चौदा."

"माझं पाच."

अप्पांनी घास खाली ठेवला. 

"त्यांनी लिहिलं होतं म्हणा," वसंतराव म्हणाले. "चार ठिकाणी."

"व्हय. गुरुजी, तुमी तंबाखू कदी खाल्ली न्हाय."

"नाही."

"मग गाल चांगला आसंल. मोठं ऑपरेशन करून घ्या. नीरजाबाई म्हणल्या हुत्या, तेच खरं औषध हाय. आपन नवं करून बगितलं. माझं लागलं, तुमचं न्हाय लागलं."

"मला पुन्हा तिथं एकट्यानं जायचं म्हणजे..." वसंतराव म्हणाले. मुलगा उत्कर्ष परदेशात होता. प्रेमलाबाईंचे गुडघे चालत नव्हते, आणि त्यांना अजून खरं काही ठाऊकही नव्हतं.

"एकटं कोण म्हणलं," अप्पा म्हणाले. "म्या रजा टाकतो."

त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "लघवीच्या ऑपरेशनासाठी मित्रासोबत जाणे." लिंबाजींनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "अप्पा, नुसतं घरगुती काम लिव्हलं तरी चालतंय."

"चालतंय," अप्पा म्हणाले, आणि अर्ज तसाच दिला.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. अप्पा बाहेरच्या बाकावर बसून होते. वसंतरावांना खोलीत आणलं तेव्हा त्यांचा एक गाल सुजलेला होता आणि आत टाके होते, त्यामुळं बोलता येत नव्हतं. शिक्षक माणूस, खुणेनं वही मागितली. अप्पांनी रुग्णालयाच्या एका पावतीची कोरी बाजू आणि खिशातलं पेन दिलं. वसंतरावांनी अक्षर नीट काढत लिहिलं, "प्रेमलास कळवा. खरे कारण सांगा."

अप्पांनी ते वाचलं, चष्मा खिशात ठेवला, आणि ईटला फोन लावला. फोन प्रेमलाबाईंनीच उचलला. अप्पांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग सुरुवातीपासून सांगायला बसले. वसंतराव डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी बोट वर करून तेरा नव्हे, चौदा वर्षं, अशी दुरुस्ती केली.